जीन रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' आलंय (लाँग क्यूटी, केसीएनएच२), लॅबमध्ये याचा निकाल कसा लावतात? आणि यात पीएचडी करावी का?

रानजाई

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांब झालीये, सांभाळून घ्या.

माझी मामेबहीण, वय १९, कोल्हापूरला हॉस्टेलवर असते. नववी-दहावीपासून तिला अधूनमधून फिट यायची, म्हणजे आम्हा सगळ्यांना तसंच सांगितलेलं, ईईजी नॉर्मल आला तरी फिटच्या गोळ्या चालूच. या वर्षी तिच्या रूममेटच्या लक्षात आलं की ही पडते ती कायम पहाटेच, मोबाईलचा अलार्म कर्कश्श वाजला की दचकून उठते आणि तशीच आडवी होते, थोडे हातपाय झटकते, मिनिटभरात शुद्धीवर, आणि नंतर एकदम ठीक, गुंगी वगैरे काही नाही. हे ऐकून एका डॉक्टरांनी ईसीजी काढला तर क्यूटीसी (ईसीजीवरचं क्यूटी अंतर, हार्ट रेटनुसार दुरुस्त केलेलं, मिलिसेकंदांत) ५१०. म्हणे लाँग क्यूटी सिंड्रोम, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना परत शांत व्हायला उशीर लागतो. प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी सुरू झालीये आणि जीन पॅनेल पण पाठवलं होतं. रिपोर्टमध्ये केसीएनएच२ जीनमध्ये एक मिसेन्स बदल (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलणारा), हेटेरोझायगस (दोनपैकी एकाच प्रतीत), प्रथिनाच्या सुरुवातीच्या पीएएस डोमेन नावाच्या भागात, आणि पुढे ठळक अक्षरात 'व्हीयूएस'.

मामा तो कागद घेऊन माझ्याकडे आला कारण मी एमएस्सी बायोटेक करतेय, म्हणजे घरातली सायंटिस्ट मीच. आता मला एवढं माहितीये की व्हीयूएस म्हणजे याचा अर्थ अजून ठरलेला नाही, पण तो ठरवतात कोण आणि कसा, कुठल्या लॅबला नुसतं पाठवून विचारता येतं का, की आपणच काही करू शकतो? आणि दुसरं म्हणजे हे सगळं वाचता वाचता मला आयन चॅनलचा (पेशीच्या पडद्यातली सोडियम-पोटॅशियमची दारं) विषयच आवडायला लागलाय, पीएचडी यात करावी का, की सगळं महत्त्वाचं शोधून झालंय आणि आता नुसती भर टाकणं उरलंय? आमचे सर म्हणतात पॅच क्लॅम्प (काचेच्या नळीने पेशीतला करंट मोजायची पद्धत) फार किचकट, त्या वाटेला जाऊ नकोस.

अजून एक, याचा संबंध असेल नसेल माहीत नाही, आजीची धाकटी बहीण बाळंत झाल्यावर काही आठवड्यांत झोपेतून उठलीच नाही. घरात 'वारं लागलं' म्हणतात.

डॉ_खडूस

पीएचडीचं नंतर बघू. आधी घरचं.

संबंध आहे की नाही हे ईसीजी बघितल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही, पण केसीएनएच२ वाला प्रकार, ज्याला आम्ही टाईप २ म्हणतो, त्यात बाळंतपणानंतरचे महिने स्त्रियांसाठी जास्त धोक्याचे असतात आणि अचानक आवाजाने, झोपेतून दचकून उठल्यावर अटॅक येणं ही त्याची ओळखीची खूण आहे. टाईप १ मध्ये धावताना-पोहताना होतं, टाईप ३ मध्ये बहुतेक आरामात असताना किंवा झोपेत. त्यामुळे तुमच्या आजीच्या बहिणीची गोष्ट फाईलमध्ये लिहून ठेवायला सांगा, 'वारं लागलं' असं नाही, वय आणि बाळंतपणानंतर किती दिवसांनी ते.

आता नीट ऐका. मामेबहिणीचं निदान जीनवर उभं नाहीये. क्यूटीसी ५१० आणि सोबत बेशुद्धीचा इतिहास, दुसरं काही कारण नाही, एवढ्यावर उपचार चालू राहतात. रिपोर्ट व्हीयूएस येवो नाहीतर कोरा येवो, प्रोप्रॅनोलॉल बंद करायचं नाही. फिटच्या गोळीचं काय करायचं ते कार्डिओलॉजिस्ट आणि न्यूरोलॉजिस्ट मिळून ठरवतील, घरी कोणी परस्पर बंद करू नका.

मशीन जो क्यूटीसी छापतं त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. उदाहरण देतो, क्यूटी ४४० मिलिसेकंद, हार्ट रेट ८०, म्हणजे दोन ठोक्यांतलं अंतर ०.७५ सेकंद, त्याचं वर्गमूळ ०.८६६, भागिले की ५०८. तोच क्यूटी ६० च्या रेटला ४४० च राहतो. बॅझेटचं हे सूत्र १९२० चं आहे, रेट जास्त असला की आकडा फुगवतं. म्हणून शांत झोपवून, लीड २ नाहीतर व्ही५ मध्ये (ईसीजीच्या ठरावीक रेघा), हाताने मोजलेला हवा.

नातेवाईक: मामा, मामी, तिची भावंडं, आणि जर हे आजीकडून आलं असेल तर तुमची आई, आणि मग तुम्ही स्वतः. सगळ्यांचा साधा ईसीजी. काढून घ्या, पुढच्या महिन्यात वगैरे नको. आणि एक धोक्याची सूचना, व्हीयूएस आहे तोवर "माझ्यात तो बदल नाही म्हणजे मी सुटलो" असं कोणी म्हणायचं नाही. तो बदल दोषी आहे हेच सिद्ध नाही, तर नसणाऱ्याला निर्दोष कसं ठरवणार?

औषधांचं तर मी रोज ओरडतो. जुलाब-उलट्या झाल्या की शरीरातलं पोटॅशियम खाली जातं, क्यूटी अजून लांबतो, आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे मेडिकलवाला ऑनडॅनसेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन हातावर ठेवतो, घसा धरलाय म्हटलं की ॲझिथ्रोमायसिन. तिन्ही क्यूटी वाढवणारी. फ्लुकोनॅझोल, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, एसिटालोप्राम पण त्याच यादीत. क्रेडिबलमेड्स म्हणून वेबसाईट आहे, यादी तिथे अपडेट होत असते, मोबाईलमध्ये ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला, दाताच्या सुद्धा, आधी सांगा.

आणि तो अलार्म आजच बंद करा. कर्कश्श आवाज नको, रूममेटने हळू हाक मारून उठवायचं.

चिंगीची_आई

रानजाई, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. माझ्या लेकीला याच रोगाचा दुसरा प्रकार आहे, जर्वेल लांगे-नील्सन. जन्मतः ऐकू येत नाही आणि सोबत क्यूटी खूप लांब. मी आणि मिस्टर मामे-आत्ये भावंडं, आमच्याकडे अशी लग्नं पिढ्यानपिढ्या होतात, कोणाला काही वाटत नाही. आम्हा दोघांकडे केसीएनक्यू१ ची एकेक बिघडलेली प्रत, आम्हाला काही त्रास नाही, तिच्याकडे दोन्ही बिघडलेल्या.

मला जेनेटिक काउन्सेलर ताईंनी समजावलं ते इतकं डोक्यात बसलंय की सांगतेच. हृदयात जे पोटॅशियमचं दार आहे तेच कानाच्या आत पण आहे, तिथे ते कानातल्या द्रवात पोटॅशियम सोडतं, ते नसेल तर द्रवच तयार होत नाही आणि ऐकू येत नाही. म्हणजे कान आणि हृदय हे दोन वेगळे आजार नाहीतच. नॉर्वेत १९५७ साली एका घरातली सहापैकी चार मुलं अशी बहिरी आणि बेशुद्ध पडणारी होती, तिघं अचानक गेली, तिथून हे कळलं.

आम्हाला कळलं ते कॉक्लियर इम्प्लांटच्या ऑपरेशनआधी, भूल द्यायच्या आधी ईसीजी काढला तेव्हा. त्याच्या आधी ती खेळताना पडायची तर एका ठिकाणी आम्हाला सांगितलं होतं की लक्ष वेधून घेण्यासाठी करते, ऐकू येत नाही ना म्हणून. अजून आठवलं तरी हात थरथरतात. इम्प्लांट झालं, छान बोलते आता, बीटा ब्लॉकर (प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी) चालू आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाचा एक ईसीजी काढायला किती लागतं हो, सगळीकडे काढतच का नाहीत?

काचनळी

@रानजाई, मी चॅनलवरच पोस्टडॉक करतोय, सध्या भारताबाहेर, पीएचडीला दिवसरात्र पॅच क्लॅम्प केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

केसीएनएच२ मधून बनणाऱ्या चॅनलला आम्ही हर्ग म्हणतो. याची सुरुवात हृदयात नाही, माशीत आहे. १९६९ मध्ये फळमाशीचे काही म्यूटंट सापडले, ईथरने बेशुद्ध केलं की त्यांचे पाय थडथड उडायचे. त्या जीनचा माणसातला भाऊबंद १९९४ मध्ये सापडला, तो सुद्धा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या डीएनए लायब्ररीत. इकडे युटाला मार्क कीटिंगचा ग्रुप लाँग क्यूटीच्या मोठमोठ्या कुटुंबांचं लिंकेज (आजार क्रोमोझोमच्या कुठल्या भागासोबत वारशाने येतो ते शोधणं) करत होता, १९९१ मध्ये त्यांना क्रोमोझोम ११ वर पहिला धागा लागला, आणि १९९५ मध्ये दुसऱ्या कुटुंबांमध्ये हाच माशीवाला जीन बिघडलेला निघाला. त्याच वर्षी सोडियम चॅनलचा एससीएन५ए, पुढच्या वर्षी केसीएनक्यू१ (हा तोच क्रोमोझोम ११ वाला, चिंगीच्या आईने वर लिहिलाय तो). मला हा भाग फार आवडतो, कारण माशीचे पाय मोजत बसणाऱ्याला तेव्हा कोणी विचारलं असतं याचा उपयोग काय, तर तो काय सांगणार होता.

आता हर्ग करतं काय. हृदयाच्या पेशीचा एक ठोका म्हणजे साधारण ३०० मिलिसेकंदांचा विद्युत प्रवास, शेवटी पोटॅशियम बाहेर गेलं की पेशी परत शांत होते. हे बाहेर जाणं बऱ्याच अंशी हर्गमधून. हर्ग कमी पडलं की शांत व्हायला उशीर, तोच ईसीजीवरचा लांब क्यूटी, आणि या उशिरात मध्येच एखादा चुकार ठोका पडला तर लय बिघडते, त्यात माणूस बेशुद्ध पडतो.

एक चॅनल चार तुकड्यांनी बनतं. मामेबहिणीकडे एक प्रत चांगली एक बदललेली, मग तुला वाटेल निम्मी चॅनल चांगली निघतील. तसं नाही. चार खांद्यांवरची पालखी समज, एकजण जरी लंगडा निघाला तरी पालखी अडखळते. निम्मे भोई लंगडे असतील आणि कुणालाही कुठेही लावलं तर चारही धडधाकट असण्याची शक्यता सोळात एक. म्हणून काही बदल अर्ध्याहून बरंच जास्त नुकसान करतात, आणि काहींमध्ये बदललेला तुकडा पालखीपर्यंत पोचतच नाही, तेव्हा नुकसान साधारण अर्धं राहतं. नुसती अक्षरं वाचून यातलं कुठलं हे कळत नाही.

म्हणून लॅब. आम्ही काय करतो, तो बदल जीनमध्ये मुद्दाम घालतो, एचईके२९३ नावाच्या पेशी असतात, त्यांच्यात स्वतःचं हर्ग नसल्यासारखंच, त्यांच्यात हा जीन घालायचा आणि दोन गोष्टी बघायच्या. पहिली, प्रथिन पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर पोचतं का. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून दाखवणारी चाचणी) हर्गचे दोन पट्टे दिसतात, १३५ किलोडाल्टनचा कच्चा, जो अजून आतच अडकलाय, आणि १५५ चा पक्का, जो साखरेचे सगळे सोपस्कार पुरे करून बाहेर निघालाय. बिघडलेल्या बऱ्याच हर्गमध्ये वरचा पट्टा गायबच असतो. म्हणजे दार मोडकं नाहीये, दार बसवायच्या जागी पोचलंच नाही. टाईप २ च्या मिसेन्स बदलांमध्ये बहुतांश ठिकाणी हेच कारण निघालंय. यात गंमत अशी की इन्क्युबेटर ३७ ऐवजी २७ ला ठेवला तर यातले काही बदल शहाण्यासारखे घडी घालून बाहेर येतात.

दुसरी गोष्ट, करंट. इथे पॅच क्लॅम्प. काचेची बारीक नळी पुलरवर ओढायची, टोक ज्वाळेने नाही तर तापवलेल्या तारेजवळ धरून गुळगुळीत करायचं, पेशीला हळूच टेकवायचं आणि तोंडाने नळीवाटे अगदी अलगद ओढून घ्यायचं. रोध चढत चढत गिगाओमच्या वर गेला की सील लागलं, स्क्रीनवरची रेघ एकदम सपाट होते, तो क्षण अजूनही मला आवडतो. मग अजून एक ओढ, पडदा फाटतो आणि तुम्ही पेशीच्या आत. पेशीला मायनस ८० मिलिव्होल्टवर धरायचं, प्लस २० ला न्यायचं, तिथे हर्गचा करंट थोडासाच दिसतो कारण ते उघडल्या उघडल्या स्वतःच मिटून घेतं, आणि मग मायनस ५० ला परत आणलं की एक मोठा करंट उसळतो आणि सावकाश विझतो. त्याला टेल म्हणतो. कारण असं की मिटलेलं चॅनल परत उघडतं झपकन, बंद होतं मात्र हळू. हृदयात ठोका संपताना नेमकं हेच घडतं. आता तुझ्या बहिणीचा बदल पीएएस डोमेनमध्ये आहे, त्या भागातले काही बदल चॅनलला बाहेर पोचूच देत नाहीत, आणि काही पोचू देतात पण टेल भराभर विझवतात, म्हणजे दार लवकर लागतं. पेशंटला त्रास तोच. औषध शोधायचं तर कारणं पूर्ण वेगळी.

तुझा प्रश्न होता लॅबला पाठवता येतं का. पेशंटने पाकीट पाठवून रिपोर्ट मागवायची सोय अशी नसते, हे संशोधन म्हणून होतं. पण एखादी चॅनल लॅब त्याच बदलावर काम करत असेल, तर तुमचे डॉक्टर किंवा काउन्सेलर त्यांना लिहू शकतात. शिवाय आता एकेक पेशी पॅच करायचे दिवस मागे पडतायत, ३८४ पेशी एका वेळी मोजणारी रोबोटिक मशीन्स आलीत, सिडनीच्या व्हिक्टर चँग इन्स्टिट्यूटमध्ये केसीएनएच२ चे ढीगभर बदल असे मोजलेत. तो बदल आधीच कोणीतरी मोजून ठेवलेला असण्याची शक्यता आहे. क्लिनव्हारमध्ये (जीनमधल्या बदलांचे अर्थ जमा करणारा खुला डेटाबेस) शोध. फक्त बदलाचा नंबर आणि ट्रान्सक्रिप्ट (जीनची कुठली आवृत्ती धरून तो नंबर दिलाय ते) जसंच्या तसं लिहून शोध, आणि इथे सार्वजनिक टाकू नकोस.

आकडेमोड्या

सगळं छान आहे पण मला दोन शंका. एक, २०२३ मध्ये डीपमाइंडचं अल्फामिसेन्स आलं, माणसाच्या जवळपास सगळ्या शक्य मिसेन्स बदलांना मार्क देऊन मोकळं झालं, मग या काचेच्या नळ्या ओढत बसायची गरज काय? दोन, एचईके म्हणजे भ्रूणाच्या किडनीच्या पेशी, तिथे करंट कमी दिसला म्हणून हृदयात पण तसंच होईल हे कशावरून?

आणि फ्रिक्वेन्सीचं कोणी बोललंच नाही. व्हीयूएस आलं की पहिला प्रश्न, हा बदल निरोगी लोकांत किती दिसतो. आपल्या लोकांचे जीनोम त्या जागतिक डेटाबेसमध्ये कमी, त्यामुळे आपल्याकडे साधा, निरुपद्रवी असलेला बदल तिकडे 'दुर्मीळ' दिसतो आणि संशयित ठरतो. उलटंही होतं. एमवायबीपीसी३ जीनमधला २५ अक्षरं गळालेला बदल (हा चॅनलचा नाही, हृदयाच्या स्नायूचा) २००९ मध्ये कळला की साधारण ४ टक्के भारतीयांत आहे, आणि तरी हृदयविकाराशी जोडलेला. हे बाहेरच्या डेटावरून कधी कळलं असतं? आता सीएसआयआरच्या इंडिजेनचे १०२९ जीनोम आहेत, जीनोम इंडियाचे १०,००० झालेत, बरं आहे, पण तुझ्या मामाच्या गावचे, जातीचे किती त्यात?

काचनळी

अल्फामिसेन्स वापरतो की मी पण, कुठला बदल आधी मोजायला घ्यायचा ते ठरवायला बरं पडतं. पण ते 'बिघाडाची शक्यता' सांगतं. बिघाड कुठला हे सांगत नाही, आणि केसीएनएच२ मध्ये तर बदलाने काम वाढलं तर उलटा आजार, शॉर्ट क्यूटी होतो. दोन्हीला मार्क तेवढेच. ज्या मुलीला गोळी द्यायचीये तिच्यासाठी मार्कांचा काय उपयोग? २०१५ च्या एसीएमजीच्या (अमेरिकेतली वैद्यकीय जेनेटिक्सची संस्था) नियमांत कॉम्प्युटरच्या अंदाजाला वजन कमी आणि नीट तपासून घेतलेल्या लॅब टेस्टला जास्त, ते उगाच नाही.

एचईकेबद्दल तुमचं बरोबर आहे, अर्धं. म्हणून लोक पेशंटच्या रक्तातून किंवा त्वचेतून आयपीएस पेशी (कुठल्याही प्रकारच्या पेशीत बदलता येतात अशा) करतात आणि त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी, ज्या ताटलीत धडधडतात. लाँग क्यूटी टाईप १ वर २०१० मध्ये आणि टाईप २ वर २०११ मध्ये हे झालं, ताटलीतल्या पेशींचा ठोका खरोखर लांबलेला दिसला. पण त्या पेशी अर्भकासारख्या कच्च्या असतात, खर्च अफाट, एकेका पेशंटला महिनोन्‌महिने. मला विचाराल तर शेकडो व्हीयूएस निस्तरायला एचईकेच ठीक, आणि जिथे एचईके आणि पेशंट यांचं जुळत नाही तिथे आयपीएस. एचईकेमध्ये करंट आला म्हणून बदल निर्दोष असं लिहून मोकळं होणारे पेपर मात्र मला पटत नाहीत, रूम टेंपरेचरला मोजलेलं असतं अर्ध्या वेळा.

आणि "सगळं शोधून झालंय का" याचं उत्तर राहिलं. अजिबात नाही. उलट मागे जाऊन पुसायची वेळ आली. लाँग क्यूटीचे म्हणून १७ जीन पॅनेलमध्ये असायचे, २०२० मध्ये क्लिनजेनने (कुठल्या जीनचा कुठल्या आजाराशी खरा संबंध ते तपासणारा प्रकल्प) पुरावे परत तपासले तर नेहमीच्या लाँग क्यूटीसाठी ठोस असे तीनच उरले, केसीएनक्यू१, केसीएनएच२, एससीएन५ए. कॅलमोड्युलिनचे जीन वेगळ्या, लहानपणी होणाऱ्या गंभीर प्रकारात. बाकीच्या बहुतेकांचा पुरावा मर्यादित नाहीतर वादग्रस्त. वर्षानुवर्षं लोकांच्या हातात त्या जीनच्या नावाने रिपोर्ट पडत होते.

उपयोग म्हणशील तर मधुमेहाचं उदाहरण घे. काही बाळांना जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत मधुमेह होतो, आधी सगळे टाईप १ म्हणून इन्सुलिनवर. २००४ मध्ये कळलं की त्यातल्या बऱ्याच जणांत केसीएनजे११, म्हणजे स्वादुपिंडातलं पोटॅशियम चॅनल, बंदच होत नाही म्हणून शरीरात इन्सुलिन बाहेर पडत नाही. आता हेच चॅनल बंद करणारी गोळी आधीपासून बाजारात होती, ग्लिबेनक्लामाइड, म्हाताऱ्या माणसांची शुगरची स्वस्त गोळी. २००६ मध्ये ४९ पेशंटना अशा गोळ्या दिल्या, ४४ जणांची इन्सुलिनची इंजेक्शनं बंद झाली. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने आपल्याकडच्या अशा मुलांवर काम केलंय. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये पण क्लोराईडचं चॅनल असंच आत अडकतं आणि ते बाहेर काढणारी औषधं आता आहेत, त्यातलंच ल्युमाकॅफ्टर टाईप २ लाँग क्यूटीच्या मोजक्या पेशंटवर आणि पेशींवर वापरून बघितलंय, कारण हर्ग पण अडकतं. फार पुढे गेलेलं नाही, पण रस्ता कुठल्या बाजूला जातो ते कळतं. आणि हे फक्त 'अडकलेल्या' बदलाला लागू, लवकर मिटणाऱ्याला नाही. म्हणून कारण मोजायचं.

डॉ_खडूस

काचनळी साहेबांच्या माहितीत भर. हर्गची अजून एक बाजू, त्याच्या आतल्या पोकळीत तऱ्हेतऱ्हेची औषधं सहज अडकतात, म्हणून वर दिलेली यादी इतकी लांब. टर्फेनाडीन ॲलर्जीचं, सिसाप्राईड पोटाचं, दोन्ही यामुळे गेली. सिसाप्राईड अमेरिकेत २००० मध्ये बंद झालं, आपल्याकडे २०११ उजाडलं. २००५ पासून नवीन औषधाची हर्गवर चाचणी करायचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. म्हणजे या एका जीनच्या संशोधनाचा फायदा ज्यांच्या घरात लाँग क्यूटी नाही त्यांनाही रोज होतोय.

चिंगीची आई, तुमचं बरोबर आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाचा ईसीजी व्हायलाच हवा. माझ्याकडे तर इम्प्लांटला पाठवलेलं प्रत्येक मूल आधी ईसीजीच्या टेबलावर जातं.

रानजाई

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, मामाला वाचून दाखवलं सगळं, पालखीचं ऐकून तो म्हणाला आता कळलं. अपडेट अशी की मामाचा ईसीजी ठीक, ४३०. मामीचा पण. आईचा ४७५ आलाय. आईला आजवर कधी चक्कर सुद्धा नाही. कार्डिओलॉजिस्टनी हाताने मोजला, परत एकदा काढायला सांगितलाय आणि रक्तातलं पोटॅशियम, कॅल्शियम तपासलंय, आणि त्या एकाच बदलासाठी आईचं आणि मामाचं सॅम्पल पाठवलंय. माझा ४४०. क्लिनव्हारमध्ये तो बदल सापडला, दोन लॅबनी टाकलाय, दोघांनी व्हीयूएसच लिहिलंय, फंक्शनल (लॅबमध्ये मोजलेलं) काही नाही.

आता समजा मामात बदल निघाला आणि ईसीजी ४३० च, तर मग तो निर्दोष ठरेल का? आणि आईत निघाला तर दोषी?

डॉ_खडूस

मामात निघाला आणि ईसीजी नॉर्मल, तरी निर्दोष नाही. दोषी ठरलेले बदल असूनही नॉर्मल क्यूटी असणारे कितीतरी लोक असतात. आईत निघाला आणि क्यूटीसी लांब, तर बदल आणि आजार एकत्र फिरतायत याला एक बिंदू मिळाला, पण दोन माणसांवर व्हीयूएस हा वर्ग बदलत नाही, अजून नातेवाईक लागतील. आजीच्या माहेरचे कोणी आहेत का? त्या गेलेल्या बहिणीची मुलं? तेच बाळ, जे तेव्हा झालं होतं, ते आता कुठे आहे? त्याचा ईसीजी सगळ्यात आधी काढा, मामाच्या धाकट्यांच्या आधी.

४७५ बाईमाणसात काठावरचं आहे, रिपीट येईपर्यंत आईला वरच्या यादीतली औषधं टाळायला सांगा, बास.

काचनळी

आणि पीएचडीचं. तुझ्या सरांना सांग किचकट आहे हे खरं, पहिले काही महिने नुसती सील सुटतात आणि माणूस रडकुंडीला येतो, पण हात बसला की बसला. एका व्हीयूएसवर पीएचडी मात्र करू नकोस, आपल्या घरातल्या तर मुळीच नको, रिझल्ट काय यावा हे आधीच मनात असतं. आपल्याकडच्या पेशंटमधले बदल एकत्र मोजणं, चांगली प्रत सोबत ठेवून, ३७ डिग्रीला, यावर भारतात काम करायला भरपूर जागा आहे. बेंगळुरूला एनसीबीएस, आयआयएस्सीचं मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट (तिथे चॅनलवरचं काम जुनं आहे), मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आयसर, यांच्या पानांवर जाऊन कोण इलेक्ट्रोफिजिओलॉजी करतं ते बघ, नेट-जेआरएफ नाहीतर डीबीटीची परीक्षा दे, आणि त्याच्या आधी उन्हाळ्यात कुठेतरी महिना-दोन महिने नळ्या ओढून बघ. बायोटेकच्या पोरांचं फिजिक्स कच्चं असतं, ओमचा नियम आणि नर्न्स्ट समीकरण हाताने सोडवायची सवय आतापासून लाव.

त्या बदलाचा नंबर मला व्यनि (खासगी निरोप) कर. आमच्या मशीनवर पुढच्या खेपेला पीएएसच्या बदलांची प्लेट लागणारच आहे, त्यात एक जागा रिकामी आहे का ते बॉसला विचारतो. मात्र निकाल क्लिनव्हारमध्ये जाईल, थेट तुम्हाला रिपोर्ट म्हणून नाही, आणि तुमच्या कार्डिओलॉजिस्टचा ईमेल हवा.

रानजाई

व्यनि केलाय. बाळाचा शोध लागला, म्हणजे बाळ कसलं, ते काका आता ५२ वर्षांचे आहेत, मिरजेला असतात. उद्या फोन करतेय, दुपारी, पहाटे नाही :)